लाल चाकांचा गिअर

रणपिसे बाईंच्या शोकसभेत दशरथ शितोळ्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, पुढच्या खुर्चीची पाठ धरली, घसा साफ केला आणि म्हणाले, "बाईंची सायकल फार चांगली होती." मग खाली बसले.

सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब टिळेकर माइक पुढे धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले. एवढ्यावर कुणी बसतं हे त्यांना पटेना. शेवटी त्यांनी माइक स्वतःकडे वळवला आणि "शितोळेसाहेबांना भावना अनावर झाल्या आहेत," असं जाहीर केलं. तसं काही नव्हतं. शितोळ्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं.

बाकीचे बोलत गेले तसतसं त्यांना कळत गेलं. बाई मूळच्या मंचरकडच्या. यजमान फार लवकर गेले. भाची ऋतिका शिकायला म्हणून आली ती बाईंच्याच घरची झाली. कर्वेनगरच्या मुलींच्या शाळेत बाई खेळाच्या शिक्षिका होत्या, एवढं शितोळ्यांना ठाऊक होतं, पण त्या गात असत हे नवीनच होतं. शितोळे बाईंच्या अगदी खालच्याच मजल्यावर राहायचे. वरून खुर्ची सरकवल्याचा आवाज यायचा. गाणं कधी आलं नाही, किंवा आलं असेल आणि यांनी मोबाइलवर सायकलींचे व्हिडिओ मोठ्याने लावले असतील. त्यांना बाईंविषयी जे माहीत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. चढ आला की बाई ओठ घट्ट मिटतात. उतारावर ब्रेकवर दोनच बोटं ठेवतात. आणि डाव्या गुडघ्याला उजव्यापेक्षा जास्त शिव्या देतात. शोकसभेत हे काय सांगणार?

दोघांची ओळख झाली ती चोरीच्या संशयातून.

विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर शितोळ्यांनी जुन्या सायकलींचा अभ्यास सुरू केला होता. अभ्यास म्हणजे मोबाइल. स्वतःची सायकल त्यांनी नोकरी लागताच विकली होती, आणि त्यानंतर पायाने चालवलेली एकमेव वस्तू म्हणजे पत्नी कांताबाईंचं शिलाई मशीन, तेही दुरुस्त झालं का ते बघायला. पण कुठल्या काळातल्या फ्रेंच सायकलीला कुठला गिअर असायचा, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगू शकले असते. त्यासाठी त्यांना कुणी झोपेतून उठवत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

कोथरूडच्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाजवळ, एका विटक्या चादरीखाली एक सायकल उभी असायची. चादरीतून मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल बाहेर डोकवायचं. रेसिंगची सायकल आहे हे शितोळ्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. कुणाची आहे हे विचारायला मात्र त्यांना काही वर्षं लागली, आणि तरीही त्यांनी विचारलं नाहीच. एका दुपारी आसपास कुणी नाही असं बघून त्यांनी चादरीचा कोपरा उचलला.

"काय हो, न्यायचा विचार आहे की नुसती किंमत काढताय?"

मागे रणपिसे बाई उभ्या होत्या. ठेंगण्या, पाठ ताठ, हातात भाजीची पिशवी.

"नाही, नाही. हिचा मागचा गिअर... मोडलाय."

"ते मला माहीत आहे. सायकल माझी आहे."

भित्रा माणूस घाबरला की एकदम खूप बोलतो. शितोळ्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. सायकल फ्रेंच आहे. चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा जो हात मागे खाली लोंबतो, तो या सायकलींना त्या काळी प्लास्टिकचा यायचा, म्हणून तडकला. मागचं चाक मूळचं नाही, कधीतरी साध्या मापाचं बसवलेलं दिसतंय, हे फार वाईट झालं.

"ते मीच बसवलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही दुरुस्त करता का?"

इथे खरं बोलले असते तर गोष्ट इथेच संपली असती. शितोळे म्हणाले, "बघतो."

"बघतो नाही. करता की नाही?"

"करतो."

मग बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि काय हवंय ते सांगितलं. विद्यापीठातला एक परदेशी विद्यार्थी मायदेशी जाताना त्यांनी ही सायकल त्याच्याकडून घेतली होती. तेव्हा कात्रजच्या घाटात, जुन्या बोगद्यापर्यंत, पोरांच्या शर्यती व्हायच्या. बाई त्यात उतरायच्या. आणि दर वेळी शेवटच्या वळणावर त्यांचा पाय जमिनीला लागायचा.

"पाय टेकला की संपलं. आणि वर लोक टाळ्या वाजवायचे. मुलगी असून इथवर आली म्हणून. त्या टाळ्या अजून डोक्यात जातात माझ्या."

"हो का," शितोळे म्हणाले.

"दसरा झाला की लगेच माझे दोन्ही गुडघे बदलायचेत. डॉक्टर म्हणतात, नंतर सपाटीला चालवा, घाट विसरा. त्याच्या आत मला एकदा पाय न टेकवता बोगद्यापर्यंत जायचंय. माझ्या स्वतःच्या गुडघ्यांवर. समजलं?"

समजलं होतं. पण शितोळ्यांच्या डोक्यात तेव्हा गुडघे नव्हते, गिअरचा हात होता. तसाच, त्याच कंपनीचा, पण प्लास्टिकऐवजी धातूचा हात काही दिवस निघाला होता. तो मिळाला तर! त्यांनी मोबाइलवर जगभरच्या म्हाताऱ्यांना मेसेज पाठवले. बेल्जियमच्या एकाने फोटो पाठवला आणि वस्तू देणार नाही असं कळवलं. अखेर पाँडिचेरीचे एक निवृत्त टपाल मास्तर सापडले, त्यांच्याकडे तो निघाला.

"मिक्सरचं झाकण चार महिने झाले मिळत नाही तुम्हाला," कांताबाई म्हणाल्या, "आणि दुसऱ्यांच्या सायकलीसाठी पाँडिचेरीपर्यंत पोचलात?"

"झाकण काय, कुठेही मिळतं."

"मग आणा की."

पार्सल आलं. तमिळ वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो हात शितोळ्यांनी मऊ फडक्याने पुसला आणि टीव्हीवर ठेवला. कांताबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "एवढासाच?" त्यांनी विचारलं. एवढासाच होता, आणि त्यातच पुढची सगळी भानगड होती. त्या काळच्या शर्यतीच्या सायकलींना मागची दातेरी चाकं लहान लहान असायची, म्हणून हातही आखूड. चढ सोपा हवा तर मागे मोठं चाक हवं, आणि मोठ्या चाकाला लांब हात लागतो. हे शितोळ्यांनी वाचलेलं होतं. पण वाचलेलं सगळंच ते लक्षात ठेवत नसत. न आवडणारं तर मुळीच नाही.

सायकल उभी राहिली. मूळच्यासारखी लहान चाकं, तो देखणा हात, नवी चेन. त्यांनी तिचे पुढून, मागून, बाजूने फोटो काढले. बाई आल्या, बसल्या, आणि पार्किंगमधून गेटकडे जाणाऱ्या चढावर निघाल्या. अर्ध्यावर पायडल थांबलं. वॉचमनने धावत येऊन सीट धरली म्हणून निभावलं.

"शितोळे, कात्रज राहिला लांब. मी गेटपर्यंत पोचेना."

"मूळ सायकल अशीच होती, बाई."

"मूळ सायकल विशीतल्या पोरीसाठी होती. ती पोरगी मिळते का बघा तुमच्या पाँडिचेरीत."

मग दोघं रिक्षाने मंडईमागच्या सायकलच्या दुकानात गेले. दुकानदार पोपटशेठ. त्यांनी गिऱ्हाइकाचं पूर्ण ऐकून घेण्याची पद्धत ठेवली नव्हती. "चढाला ना? हे घ्या," म्हणून त्यांनी काउंटरवर दोन वस्तू आपटल्या. लहान मुलांच्या गिअरच्या सायकलींना येतो तसा दातेरी चाकांचा संच, त्यातलं शेवटचं चाक भाकरीएवढं. आणि एक लांबलचक काळा हात, त्यात प्लास्टिकची दोन चाकं, लालभडक.

शितोळ्यांना गलबलून आलं. पैठणी नेसलेल्या बाईच्या पायात कुणी रबरी चपला घालाव्यात, तसं त्यांना दिसायला लागलं.

"चढेल ना?" बाईंनी विचारलं.

"पोरं फ्लायओव्हर चढतात याच्यावर."

"पण बाई, ही लाल चाकं," शितोळे पुटपुटले.

"मी पुढे बघून चालवते. मागचं मला दिसणार नाही."

"मला दिसेल."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी त्यांना काय वाटलं कोण जाणे. शितोळ्यांनी सुचवलं की पाँडिचेरीचा हात जेमतेम पेलेल एवढं मधल्या आकाराचं चाक घेऊ, म्हणजे रूपही राहील आणि चढही होईल. बाई म्हणाल्या, "बरं. तुम्ही म्हणताय म्हणून."

मधल्या चाकावर बाई पार्किंगचा चढ चढल्या. ओठ मिटून, मान खाली घालून, गेटपाशी पोचेपर्यंत गळ्याच्या शिरा फुगवून. घाट पार्किंगच्या कितीतरी पट लांब आहे हे दोघांनाही कळत होतं. बाईंनी शब्द दिला होता म्हणून त्या गप्प, आणि शितोळे नेहमीचेच गप्प. टेम्पो ठरला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल घाटाच्या पायथ्याशी न्यायची. त्यानंतर दोन दिवसांनी बाई हॉस्पिटलात दाखल होणार होत्या. दुसरी तारीख नव्हती.

दसऱ्याला सकाळी सोसायटीत सगळ्यांच्या गाड्या धुऊन, हार घालून उभ्या होत्या. शितोळ्यांनी भीत भीत विचारलं, "सायकलची पूजा केली तर चालेल का?"

बाई पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला निघाल्या होत्या. "मी पूजा करत नाही. तुम्हाला करायची तर करा. आल्यावर मला शेवटचा एक फेरफटका मारायचाय, तोवर आटपा."

शितोळ्यांनी मन लावून पूजा केली. हँडलला झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं खोचली. मग वाटलं, ज्याच्यासाठी एवढं केलं त्याला विसरून कसं चालेल? म्हणून त्यांनी झेंडूची एक छोटी माळ ओवली आणि गिअरच्या त्या हाताला घातली. दोऱ्याचा पक्का वेढा देऊन, गाठ मारून. पडू नये म्हणून.

बाई आल्या. हँडलवरचा हार त्यांनी स्वतः काढून वॉचमनच्या टेबलावर ठेवला. मागे त्या बघत नसत, हे त्यांनी दुकानात सांगितलंच होतं. शितोळे फोटो काढण्यात गुंतले होते. बाईंनी पायडल मारलं, गिअर बदलला, आणि झेंडूची माळ चेनबरोबर आत गेली. दोरा ताणला. पाँडिचेरीचा हात मागे ओढला गेला, चाकाच्या तारांत शिरला आणि कट्‌ असा आवाज झाला. बाईंनी ब्रेक लावला. जमिनीवर पाकळ्या, आणि पाकळ्यांत त्या देखण्या हाताचे दोन तुकडे.

मग बाई म्हणाल्या, "आजचा दिवस आमच्याकडेही चक्राचाच असतो, शितोळे. धम्मचक्र प्रवर्तनाचा. पण त्यात हार अडकवायचा नसतो."

शितोळ्यांना माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते असं, "कट्‌ झालं."

"ऐकू आलं मला. रिक्षा बोलवा."

"पाँडिचेरीला पुन्हा मेसेज..."

"मंडईला!"

दसऱ्याचा दिवस, मंडईजवळ झेंडूचे ढीग, आणि पोपटशेठच्या दुकानापुढे नव्या सायकली घ्यायला आलेल्या आईबापांची झुंबड. शितोळे मोडकी सायकल धरून गर्दीच्या कडेला उभे राहिले आणि "एक मिनिट" असं इतक्या हळू म्हणाले की ते त्यांनाच ऐकू आलं नाही. पोपटशेठ वरच्या वर म्हणाले, "काका, आज मुहूर्ताचा दिवस. जुन्या सायकली उद्या."

बाई पायरीवर चढल्या. "एका रांगेत!" असा आवाज आला. शाळेच्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जावा अशा बेताचा. "पिशव्या डाव्या हातात. ज्यांचे पैसे देऊन झालेत ते त्या बाजूला. तुम्ही, निळा शर्ट, मध्ये घुसू नका." आणि खरंच रांग लागली. चांगले पोटं सुटलेले बाप मुकाट्याने एकामागे एक उभे राहिले. शितोळेही राहिले, सवयीने, रांगेच्या शेवटी. बाईंना त्यांना हाताला धरून पुढे आणावं लागलं.

पोपटशेठ काउंटरमागून हे बघत होते. त्यांनी आतल्या कारागिराला हाक मारली. "बाईंची आधी घे. दर दसऱ्याला या हो, बाई."

भाकरीएवढं चाक बसलं. मागचं चाक साध्या मापाचं होतं, म्हणून ते बिनतक्रार बसलं. मूळचं असतं तर त्याला ते लागलंच नसतं. म्हणजे अस्सलपणातली जी खोट शितोळ्यांना इतके महिने सलत होती, तिनेच काम केलं. लांब हात बसला. लाल चाकं फिरायला लागली. शितोळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पोने सायकल पायथ्याशी उतरवली. ऋतिका टेम्पोतून पुढे बोगद्याजवळ जाऊन थांबली. शितोळ्यांनी बाईंच्या मागे स्कूटर ठेवायची, काही झालं तर सावरायला, असं ठरलं होतं. कोण कुणाला सावरणार यावर ऋतिका काही बोलली नाही.

बाई निघाल्या. भाकरीएवढ्या चाकावर पाय भराभर फिरत होते आणि सायकल मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. फिरायला आलेली माणसं त्यांना ओलांडून पुढे जात होती. मागे शितोळ्यांची पंचाईत झाली. एवढ्या हळू स्कूटर चालतच नाही. ती डावीकडे कलायची, ते पाय टेकवायचे. उजवीकडे कलायची, पुन्हा पाय. थोडं थांबून जाऊ द्यावं तर बाई वळणाआड गेल्या की त्यांचा जीव वरखाली व्हायचा, मग घाईने पुढे, की परत तेच. स्कूटरच्या आवाजात बाईंचं तोंड हलताना दिसत होतं. त्या आकडे मोजतायत असं शितोळ्यांना वाटलं. त्या गात असतील हे त्यांच्या मनात आलं ते शोकसभेत, फार उशिरा.

शेवटचं वळण आलं. बाईंचा वेग आणखी कमी झाला. सायकल डगमगली. डावा पाय पायडलवरून सुटल्यासारखा वाटला आणि शितोळ्यांनी स्कूटर तशीच सोडून धावायची तयारी केली. पण पाय पुन्हा पायडलवर गेला. मागे लाल चाकं फिरत राहिली. शितोळ्यांची नजर त्यांच्यावरच खिळली होती. आपल्याला ती कुरूप वाटत होती, हे त्यांना तेवढ्या वेळापुरतं आठवलं नाही.

बोगद्याच्या तोंडाशी बाईंनी भिंतीला हात टेकवला. पाय अजून पायडलवरच.

"आता टेकवू का?"

"टेकवा," शितोळे म्हणाले. त्यांना धाप लागली होती. स्कूटरवर बसून.

बाई उतरल्या आणि दगडावर बसल्या. ऋतिकाने पाण्याची बाटली दिली. तिने टाळी वाजवायला हात उचलले होते, पण मावशीचा चेहरा बघून खाली घेतले. बाई पाणी प्यायल्या, मग शितोळ्यांकडे वळल्या.

"तुम्ही किती वेळा टेकवलेत?"

"मी? मी मोजलं नाही."

"चप्पल घासल्याचा आवाज येत होता सारखा. शर्यतीत असतात तर पहिल्याच वळणाला बाद झाला असता."

गुडघे व्यवस्थित बदलले गेले. पुढच्या उन्हाळ्यात बाई काठी सोडून पार्किंगमध्ये गोल गोल सायकल चालवायला लागल्या. शितोळे पंपाजवळ उभे राहून बघायचे. बोलणं फार होत नसे. हवा, तेल, चेन. मधल्या काळात त्यांनी पाँडिचेरीच्या टपाल मास्तरांना पुन्हा गाठलं होतं, आणि तसाच दुसरा हात त्यांच्या कपाटात शर्टांखाली येऊन पडला होता. आता घाट नव्हता, सपाटीला तो चालला असता. बाईंना विचारायचं होतं. पण आज त्यांची घाई आहे, आज त्या दमल्यात, असं करत ते रोज पुढे ढकलत होते.

एका बुधवारी बाई ऋतिकाबरोबर बाहेर निघाल्या होत्या. त्यानंतरच्या रविवारी पहाटे त्या झोपेतच गेल्या. पण त्या बुधवारी तसं काहीच दिसत नव्हतं. ऋतिका रिक्षावाल्याशी भाव करत होती आणि बाई आत बसून पदर सावरत होत्या. शितोळे दुधाच्या पिशव्या घेऊन गेटातून आत येत होते. आज विचारावंच, असं त्यांच्या मनात आलं.

"बाई, एक विचारायचं होतं. त्या मागच्या गिअरचं."

"लाल चाकांना हात लावायचा नाही."

"नाही, मी म्हणत होतो..."

"मला माहीत आहे काय म्हणत होतात. कांताबाईंनी सांगितलंय मला, शर्टांखाली काय आहे ते. मागच्या चाकात हवा कमी आहे, ती बघा."

"बघतो."

"बघतो नाही. भरा."

"भरतो," शितोळे म्हणाले.